नव्वद दिवसांचे पाणी

ऋजुता खटावकरच्या बैठकीच्या खोलीत काचेची एक टाकी महिनाभर नुसत्या पाण्याने भरून उभी होती. घरात दोनच माणसे होती, तरी त्या पाण्याविषयी मते मात्र तीन होती. ऋजुताचे मत असे की पाणी तयार होते आहे. तिचे सासरे आप्पा चौतीस वर्षे मिरजेला कृष्णेचे पाणी गाळून पाजून निवृत्त झाले होते; त्यांचे मत असे की पाणी नासते आहे. आणि बालस्वीकार प्राधिकरणाचे मत असे की पाणी अजून बोलू लागलेले नाही.

तिसऱ्या मतावर सारे अवलंबून होते. त्या मताच्या पलीकडे, सांगलीच्या एका बालगृहात, कस्तुरी नावाची सहा वर्षांची मुलगी होती. दोन घरांनी तिला नेले होते आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडले होते. दोन्ही वेळा कागदावर एकच वाक्य होते : घर मानवले नाही. कुणाला मानवले नाही, हे कागदाने सांगितले नव्हते.

दहा वर्षांपूर्वी लागलेला शोध तसा लहानसाच होता. मासा भ्याला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक चढते. माणसाचेही चढते, पण माणूस ते कातडीच्या आत लपवून हसू शकतो. माशाला ती सोय नाही. त्याचे कल्ले म्हणजे रक्त आणि पाणी यांच्यामधला झिरझिरीत पडदा. त्यातून श्वास आत येतो आणि भीती बाहेर पाझरते. ही पाझरलेली भीती मोजणारी नखाएवढी पट्टी कुणीतरी बनवली. पट्टीवर त्या एकाच रेणूला कवटाळणारे सूक्ष्म धागे होते. रेणू बिलगला की पट्टीतला वीजप्रवाह किंचित बदले आणि पडद्यावरची रेघ वर सरके.

पट्टी बनली मत्स्यशेतीसाठी, आणि घरात आली डिस्कस नावाच्या माशाबरोबर. हा थाळीसारखा गोल, तळहाताएवढा, अतिशय हळवा मासा. दार आपटले, आवाज चढला, कुणी पाय आदळत चालले, तरी याच्या अंगावरचे नऊ उभे पट्टे काळे पडतात. अशा सहा माशांच्या टाकीत तीन महिने पट्टी ठेवली की घराचा स्वभाव रेघेत उतरतो, असे लोक मानू लागले. स्थळे बघताना पत्रिकेबरोबर आलेख मागवायची रीत पडली. ‘मुलगा निर्व्यसनी, मासे शांत’ अशी एक जाहिरात तर ऋजुताने स्वतः वाचली होती. शेवटी प्राधिकरणाने नियमच केला : ज्या घराला मूल हवे, त्या घराने सहा डिस्कस नव्वद दिवस सांभाळावेत. जे घर इतके हळवे जीव सांभाळू शकते, ते मूलही सांभाळेल. नियम करणाऱ्याला तो सुंदर वाटला असणार. ऋजुतालाही वाटला होता.

निनाद गेल्याला पाच वर्षे झाली होती. नवऱ्याच्या मागे घरात उरले होते त्याचे वडील आणि त्याला कधीच न आलेली ‘बाबा’ ही हाक. ऋजुता तंबोऱ्यांच्या कारखान्यात जवारी लावत असे. तारेखाली सुताचा धागा सरकवत, घोडीचा माथा केसभर घासत, तार बोलू लागेपर्यंत थांबायचे. थांबणे हाच तिचा धंदा होता. म्हणून मासेवाल्या रफीकभाईंनी पहिल्याच दिवशी जे सांगितले, त्याची तिला भीती वाटली नाही.

“ताई, डिस्कस पाळायचा तर आधी महिनाभर नुसतं पाणी पाळायचं. रिकामं दिसतं, पण त्यात जीव धरायला लागतो.”

ते खरेच होते. माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो माशालाच मारतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे निरुपद्रवी नायट्रेट करतात. या दोन अदृश्य वस्त्या गाळणीच्या स्पंजात वसल्याखेरीज टाकीत मासा सोडणे म्हणजे खून. ऋजुताने वस्ती वसवली. बोअरचे जड पाणी गाळून हलके केले, एकोणतीस अंशांवर ठेवले, तळाला वाळूही घातली नाही. देशी बदामाची वाळकी पाने आणून पाण्यात सोडली. ती मुरली आणि पाणी मधाच्या रंगाचे झाले.

“हे काय केलंस?” आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“ॲमेझॉनच्या नदीत पाणी असंच असतं, आप्पा. पानांचा अर्क उतरतो. त्यांना हेच लागतं.”

“माझ्या केंद्रावर असं पाणी आलं असतं ना, तर मी घरी गेलो नसतो. सहा बरण्या मांडायच्या, प्रत्येकीत तुरटीची वेगळी मात्रा, आणि ढवळत बसायचं. ज्या बरणीत गाळाचं फूल नीट धरलं, तीच मात्रा मोठ्या टाकीला. चौतीस वर्षं दुपारी तीनची मात्रा मी माझ्या हातानं दिली. मिरजेत एकाच्याही पेल्याला रंग दिसला नाही.”

“हे पिण्याचं नाही.”

“जगण्याचं तर आहे?” असे म्हणून आप्पा पेपरात शिरले. वादात शेवटचा शब्द आपला ठेवून पेपरात शिरणे ही त्यांची जुनी खोड होती.

एकतिसाव्या दिवशी मासे आले. सहा निळसर चकत्या दोन दिवस कोपऱ्यात दाटीने उभ्या राहिल्या. मग एकीने मधोमध येऊन वळण घेतले, तिच्यामागे दुसरी आली. रेघ उतरली आणि सपाट झाली. मोजणी सुरू झाली.

मोजणीच्या एकविसाव्या दिवशी कस्तुरी तासाभरासाठी घर पाहायला आली. तिच्या पायांत पट्ट्याचे निळे बूट होते आणि ते तिने काढले नाहीत.

“बूट काढ की गं, पाय मोकळे होतील,” ऋजुता म्हणाली.

“नको. मग निघताना वेळ लागतो.”

ती ते मोठ्या माणसाच्या शहाणपणाने म्हणाली. कस्तुरी टाकीसमोर बसली. सहा मासे तिने दोनदा मोजले.

“पाणी चहासारखं आहे,” ती म्हणाली. “कुणी धुतलं नाही का?”

आप्पा खुर्चीत होते. ते हसले नाहीत. एखाद्याने त्यांच्या ताटाखालचा पाट दाखवून ‘हा मळका आहे’ म्हणावे, तसा त्यांचा चेहरा झाला.

त्यानंतर रेघ चढू लागली.

रोज नाही, दर तिसऱ्या दिवशी. दुपारी तीनच्या सुमारास ती उभी उठे आणि दिवेलागणीपर्यंत खाली येत नसे. ऋजुता कारखान्यातून परते तेव्हा माशांचे पट्टे काजळासारखे झालेले असत. तिने तंबोरा घरी आणणे बंद केले. शेजाऱ्यांच्या दाराला रबर लावून दिले. पाणी रोज सकाळी तपासले. ते थोडे थोडे आंबट होत होते, पण बदामाच्या पानांनी पाणी आंबट होतेच. रंग फिका होई. ती नवी पाने घाली. तळाशी मातकट कापसासारखे काही साचे. उरलेले खाद्य असेल म्हणून ती ते ओढून टाकी. कान तिचा जवारीतला केसभर फरक ऐकणारा होता, पण इथे तो फक्त स्वतःचाच दोष ऐकत राहिला.

चव्वेचाळिसाव्या दिवशी प्राधिकरणाच्या गृहपरीक्षक तेजश्री बेडेकर आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी माशांची चौकशी केली, मग ऋजुताची, आणि मग पडदा पुढे केला.

“तुमच्या दारावरच्या यंत्रातली ये-जा आणि ही रेघ शेजारी शेजारी लावली, ऋजुताताई. रेघ चढते तेव्हा घरात एकच माणूस असतं. दर वेळी तेच.”

“आप्पा? ते तर कधी आवाजही चढवत नाहीत.”

“आपल्यासमोर नसतील चढवत. आलेख खोटं बोलत नाही.”

“आलेख बोलतो का, मॅडम? तो नुसता वर जातो.”

बेडेकरबाईंनी आवाज खाली आणला. “हे बघा, उरले सेहेचाळीस दिवस. त्यांची मुलगी नाशिकला आहे म्हणता. तेवढे दिवस तिकडे राहू देत. रेघ बसली की नंतर कुणी विचारत नाही. आणि स्पष्टच बोलते, ते काही तुमचे सख्खे वडील नव्हेत.”

आप्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी ट्रे नीट खाली ठेवला, कपाचा कान बाईंच्या उजव्या हाताकडे वळवला आणि म्हणाले, “साखर बेताची आहे.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार, कारखाना बंद. ऋजुता सकाळीच टाकीचा तळ साफ करायला बसली. आतल्या खोलीत आप्पा पिशवी भरत होते. धोतराच्या घड्यांचा आवाज येत होता. तिने काल रात्रीच सांगितले होते, “तुम्ही कुठेही जायचं नाही.” त्यावर त्यांनी पेपर उघडला होता.

नेहमीची बादली गळत होती, म्हणून तिने नळीचे तोंड काचेच्या मोठ्या बरणीत सोडले. बरणी भरली. ते मातकट कापसाचे पुंजके तिच्यात गिरक्या घेत हळूहळू बसू लागले. आप्पा पाणी प्यायला बाहेर आले आणि थबकले. त्यांचा हात आपोआप बरणीकडे गेला. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली, मान तिरकी केली, आणि कित्येक दिवसांत दिसले नव्हते असे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरले.

“फूल काय धरलंय बघ,” ते म्हणाले. “मात्रा गुंजभर इकडेतिकडे नाही.”

बरणीत फुले उतरत राहिली.

“किती दिवस, आप्पा?” ऋजुताने विचारले.

आप्पांनी बरणी खाली ठेवली. नाकारणे त्यांच्या अंगातच नव्हते. “पोर येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पाणी धुतलं नाही का, म्हणाली. या घरात. मी असताना.” मग थोडे थांबून, जणू बचावाचा एवढाच मुद्दा हाती असल्यासारखे ते म्हणाले, “दाढीची नव्हे हं तुरटी. नवी कोरी आणली होती.”

ऋजुताला राग आला, आणि तो खरा होता. सहा जीव, एक मूल, चव्वेचाळीस दिवस. तिने हात धुतले, टॉवेलने सावकाश पुसले, आणि तो राग कामाच्या आकाराचा होईपर्यंत थांबली.

“बसा. नदीच्या पाण्यात क्षार असतात. ते तुमच्या तुरटीला सांभाळून घेतात, म्हणून तिचा त्रास होत नाही. हे पाणी हलकं आणि आंबट. यात तुरटीतलं ॲल्युमिनियम विरघळून राहतं आणि माशाच्या कल्ल्यांवर जाऊन बसतं. मासा पाण्यात असून गुदमरतो. रेघ चढत होती ती तुम्हाला भिऊन नव्हे. त्यांना श्वास पुरत नव्हता.”

आप्पांनी बरणी पुन्हा हातात घेतली.

“आणि ऐका. मासे अजून जिवंत का आहेत, माहीत आहे? पानांच्या अर्कामुळे. त्यानं तुमची बरीचशी तुरटी धरून खाली बसवली. ही फुलं त्याचीच. जो रंग तुम्ही काढत होता, त्यानंच त्यांना वाचवलं.”

आप्पांनी बरणी टाकीशेजारी ठेवली. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “आता काय करायचं ते सांग. किती आणि किती वेळानं?”

दर दोन तासांनी चाळीस लिटर. एकदम बदलले तर मासे मरतील आणि गाळणीतली वस्तीही. नवे पाणी त्याच उबेचे हवे, त्यात अगदी चिमूटभर खाण्याचा सोडा आणि पानांचा काढा. आप्पांनी पिशवीतून जुनी वही काढली, रेघा मारल्या, घड्याळ समोर ठेवले. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत दोघांनी सहा वेळा पाणी बदलले. मधल्या वेळात ते बोलले ते फक्त अंशांचे आणि लिटरांचे. एक मासा दुपारभर कलंडून तळाशी पडला होता. आप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले. साडेपाचला तो सरळ झाला. आप्पांनी वहीत वेळ लिहिली.

दोन दिवसांनी रेघ सपाट झाली. मग आप्पांनी पुन्हा पिशवी उचलली.

“हे कुणाला लिहू नकोस,” ते म्हणाले. “पाण्यात बाहेरचं काही पडलं तर मोजणी शून्यावर नेतात ना? मग मी जातो. मी गेलो आणि रेघ बसली असंच दिसू दे. सेहेचाळीसातले दोन गेलेच. पोर घरात आली की परत येतो. सोपं आहे.”

सोपे होतेच. इतके सोपे की ऋजुताने एक पूर्ण दुपार ते उत्तर हातात धरून, जवारी पारखावी तसे, पुन्हा पुन्हा छेडून पाहिले. दर वेळी कुठेतरी तार बद्द वाजत होती.

“आणि तिनं विचारलं, आजोबा कुठे होते, तर?” तिने संध्याकाळी विचारले.

“नाशिकला होते म्हणायचं.”

“का होते?”

आप्पा पिशवीचा बंद आवळू लागले.

“घर मानवलं नाही म्हणून परत पाठवलं होतं, असं सांगू? तिला ते वाक्य पाठ आहे, आप्पा. ज्या घरातून माणसं परत पाठवता येतात, त्या घरात ती बूट काढायची नाही.” ऋजुताने पिशवी त्यांच्या हातातून घेतली. “धोतरं कपाटात ठेवा. चुरगळतात.”

तिने प्राधिकरणाला चार ओळी लिहिल्या. पाण्यात तुरटी पडत होती. घरातल्या माणसाने ती काळजीपोटी घातली. ते माणूस घरातच राहील. मोजणी नियमाप्रमाणे व्हावी.

बेडेकरबाईंचा फोन आला. “तुम्ही समजूतदार आहात असं मला वाटलं होतं.”

“मलाही वाटलं होतं.”

“मोजणी शून्यावर गेली. आणि साताऱ्याच्या एका जोडप्यानं कस्तुरीसाठी अर्ज केलाय. नव्वद दिवस ज्यांचे आधी भरतील, ते घर. हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे.”

“त्यांची टाकी कधी आली?”

“परवा.”

“म्हणजे त्यांचं पाणी अजून रिकामं आहे,” ऋजुता म्हणाली. “महिना लागेल. माझं जिवंत आहे. आजपासून मोजा.”

“आजोबांना जरा लांब ठेवाल ना टाकीपासून?”

“नाही. उलट पाणी आता त्यांच्याच हाती आहे. अशी माणसं मोजमाप चुकत नाहीत, मॅडम. त्यांना फक्त पाणी बदललंय हे सांगायला हवं असतं. ते मी सांगायला हवं होतं.”

नव्या मोजणीच्या एकविसाव्या दिवशी कस्तुरी पुन्हा आली. खिडकीत सहा पेले ओळीने मांडले होते. प्रत्येकात बदामाच्या पानांचा अर्क, फिक्या पिवळ्यापासून गडद तांबूसपर्यंत. आप्पा पेल्यांमागे एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे ताठ उभे होते.

“यातला टाकीसारखा कुठला, सांग.”

कस्तुरीने पेले निरखले, टाकी निरखली. “चौथा.”

“माझ्या मते तिसरा.”

“चौथा,” ती म्हणाली.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिले. “चौथाच,” त्यांनी कबूल केले आणि वहीत तसे लिहिले.

कस्तुरी मासे मोजायला गेली. सहा होते. काचेवर बोट न लावता ती बराच वेळ बसली आणि मग मागे न वळताच म्हणाली, “बाई सांगत होत्या, तुम्ही यांच्या पाण्यात काहीतरी घातलंत. हे मरणार होते.”

“हो,” आप्पा म्हणाले.

“मुद्दाम?”

“घातलं मुद्दाम. मारायचं नव्हतं.”

तिने यावर विचार केला. मग ती ऋजुताकडे वळली. “मग यांना परत नाही पाठवलं?”

“कुठे परत?” ऋजुता म्हणाली. “यांचं घर हेच आहे.”

“चूक केली तरी?”

“चूक घरातच दुरुस्त केली. सहा वेळा पाणी बदललं. हात दुखले आमचे.”

कस्तुरीने आप्पांच्या हातांकडे पाहिले, जणू ते अजूनही दुखत असावेत. टाकीत एक मासा सावकाश वळला आणि खिडकीतला उन्हाचा कवडसा त्याच्या निळाईवरून सरकून भिंतीवर गेला. पडद्यावरची रेघ सपाट होती. पण त्या तासात तिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बेडेकरबाई दारात आल्या. कस्तुरी उठली, फ्रॉक झटकला आणि उंबऱ्यापाशी जाऊन खाली बसली. एका बुटाचा पट्टा सोडवला, मग दुसऱ्याचा. दोन्ही बूट तिने भिंतीकडेच्या मांडणीवर, सर्वांत खालच्या फळीवर, टाचा आत करून ठेवले. त्यांची टोके बाहेरच्या बाजूला होती. अजून थोडी सावधगिरी शिल्लक होती. मग ती अनवाणी पायऱ्या उतरू लागली.

“अगं, बूट विसरलीस,” बेडेकरबाई म्हणाल्या.

“विसरले नाही,” कस्तुरी म्हणाली. “ठेवलेत. अजून एकोणसत्तर दिवस आहेत ना?”

गाडी वळेपर्यंत ऋजुता दारात उभी होती. आत आली तेव्हा आप्पा मांडणीपुढे वाकले होते. त्या फळीवरच्या आपल्या चपला त्यांनी हातभर बाजूला सरकवल्या. मग घड्याळ पाहिले, वही काखेत मारली आणि ते तीनच्या पाण्याला लागले.